आईनं शेत आवरलं

त्या दिवशी फोनवर मी आईला एक वाक्य कमी सांगितलं. उद्या सकाळी सरकारी माणसं येतील, नुकसान बघतील, फोटो काढतील, तू शेतावर थांब, एवढं सांगितलं. कशाला हात लावू नकोस, हे सांगायचं राहिलं. ते सांगावं लागेल असं मनातही आलं नाही. माझी सगळी नोकरी कागदांत गेली. नुकसानीचा पंचनामा म्हणजे नुकसान जसं पडलंय तसं दाखवायचं, हे मला इतकं उघड वाटत होतं की आईलाही ते ठाऊक असणार असं मी धरूनच चालले.

आम्ही मूळचे तळवलीचे. आमची शेतं नवं शहर वसवताना गेली तेव्हा मी शाळेत होते. भरपाई आली, पुढं भावानं राहत्या घराच्या जागेवर चार मजले चढवले, आणि आम्ही शेतकऱ्यांचे घरमालक झालो. गावातल्या बहुतेकांचं असंच झालं. माझे वडील मात्र काही दिवस जेवायचेच नाहीत नीट. मग एक दिवस पेणकडं खाडीकाठच्या एका गावात जाऊन त्यांनी भाताचा एक तुकडा विकत घेतला आणि तो आईच्या नावावर केला. तळवलीची जमीन देताना आईनं अंगठा लावला होता. ही घेताना तिनं सही करावी असा त्यांचा हट्ट. पाटीवर तिचं नाव गिरवून घ्यायचे, चुकलं की हसायचे, ती पाटी भिरकवायला निघायची. आईला वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव लिहिता येतं आणि कुठंही दिसलं तर ओळखता येतं.

शेत घेतलं त्याच दिवशी वडिलांनी एक नियम घातला. या शेताचा खर्च या शेतानंच काढायचा. घरभाड्याचा पैसा इथं आणायचा नाही, मुलांच्या पगाराचा तर नाहीच. भाड्याचा पैसा शेतात शिरला की ते शेत राहत नाही, हौस होते, असं ते म्हणायचे. ते गेल्यावरही आईनं हा नियम पाळला. सत्तरी उलटली तरी बी, मजुरी, बांधाची माती, सगळं भात विकून आलेल्या पैशांतून. भाऊ चिडायचा. म्हणायचा, "आये, तुज्या तिकिटाचा पैसा तरी घे गो." ती म्हणायची, "तिकीट माजा अर्धा हाय, तू तुजा बग."

शेत सगळ्यांत शेवटचं, खाडीला चिकटून. खाडी आणि शेत यांच्या मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात. बांध फुटला की भरतीचं खारं पाणी आत येतं, आणि एक-दोन उधाणं आत राहिली की पुढं कित्येक वर्षं तिथं लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. त्यामुळं दरवर्षी बांधावर माती चढवायची, हे तिथल्या शेतीचं पहिलं काम. गावात रीत अशी की मोठं भगदाड पडलं तर प्रत्येक घरातून एक माणूस यायचा, आणि ज्याचं शेत खाडीला सगळ्यांत जवळ त्याचा बांध आधी घालायचा. म्हणजे आमचा आधी.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, भात कापायला आलं होतं. उधाणाची भरती आणि वरून वेड्यासारखा पाऊस, दोन्ही एकाच दिवशी आलं. बांध फुटला. पाणी आमच्या शेतातून पुढं आतल्या शेतांतही गेलं. तीन दिवसांनी ओसरलं तेव्हा पिवळं भात चिखलात झोपलं होतं, आणि त्यावर शहरातून वाहत आलेल्या बाटल्या, थर्माकोल, कुणाच्या तरी देव्हाऱ्यातलं लाल कापड. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "बाय, सगला झोपला." 

सरकारनं नुकसानीचं अनुदान जाहीर केलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. हा पैसा भाड्याचा नव्हता, पगाराचा नव्हता. शेताच्या नुकसानीचा होता, म्हणजे शेताचाच. वडिलांच्या नियमात बसत होता. आईलाही ते पटलं. "शेतानं आनला म्हनजे शेताचाच," ती म्हणाली. त्यातून बांध उभा राहिला असता. सातबारा, आधार, पासबुक, सगळे कागद मी रजा टाकून जमवले. बाकीच्यांचे कागद तपासत आयुष्य गेलं, हे तर माझ्या आईचे होते. एक अक्षर चुकू दिलं नाही.

आणि मग तो फोन.

पुढं काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. फोन ठेवला आणि आई कामाला लागली. सरकारी माणसं येणार, शेत बघणार, फोटो काढणार. आमच्यात पाव्हणा येणार म्हटलं की दारात सारवण होतं, ओटा धुतला जातो, फाटकी गोधडी आत जाते. आईनं शेजारच्या दोन बायकांना हाताशी घेतलं. झोपलेलं भात कापलं, चिखल झटकला, भारे बांधले. भाऱ्यांची उडवी रचली, अगदी गोल, आमचे वडील रचायचे तशी. बाटल्या, थर्माकोल वेचून पोत्यात भरलं. उरलेल्या बांधावर खराटा फिरवला. बांधावर! मग अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ती वाट बघत बसली.

तलाठी आले आणि त्यांच्याबरोबर शेतीखात्याची एक मुलगी आली. त्यांनी बघितलं ते असं: स्वच्छ शेत, कापलेलं पीक, रचलेली उडवी, आणि हसऱ्या तोंडाची एक म्हातारी, जिनं त्यांना चहा पाजला. आणि आमच्याकडं दुसरी एक गोष्ट आहे. पिकाच्या शेजारी उभं राहून पिकाला वाईट म्हणायचं नाही. घरी येऊन काय रडायचं ते रडा, शेतात उभं राहून नाही. त्या मुलीनं विचारलं, आजी, भात कसं आलंय? आई म्हणाली, "बरा हाय." तिनं परत विचारलं, नुकसान? आई म्हणाली, "देवाच्या दयेनं बरा हाय."

मी नंतर त्या मुलीला फोन करून भांडले. साताऱ्याकडची असावी, फार शांत बोलत होती. म्हणाली, "मॅडम, मी त्यांना दोनदा विचारलं हो. बाजूच्यांचं भात तसंच पडलेलं होतं, त्यांचं लिहिलं. यांच्या इथं मी काय लिहू, तुम्हीच सांगा. फोटो जोडावा लागतो ना." तिच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. कापणी पूर्ण, नुकसान निरंक.

निरंक हा आमच्या कचेरीतला रोजचा शब्द. ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसतं तिथं तो लिहायचा, म्हणजे रकाना रिकामा दिसत नाही. मी तो इतक्या वेळा लिहिलाय की पेन आपोआप लिहितं. त्यामागं कुणाची उडवी असेल, हे मी कधी मनात आणलं नाही.

पण यातलं आईनं शेत आवरलं एवढंच मला ठाऊक होतं तेव्हा एक दुपार आली, आणि त्या दुपारबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही.

मार्गशीर्ष संपत आला होता. आईचा फोन आला. आवाज इतका मोठा की मी मोबाईल कानापासून लांब धरला. "बाय, नाव लागला गो माजा! चावडीच्या भिंतीवर. मी सोताच्या डोल्यानं बगला." तिनं बोट लावून खात्री केली होती म्हणे. कागदावर वरून सहावं की सातवं, पण नाव तिचंच, वडिलांच्या नावासकट. तिथल्या शेजाऱ्याकडून तिनं मला फोटो पाठवायला लावला, मीही बघावं म्हणून. मी जुईनगर स्टेशनबाहेर उभी होते. भाजीची पिशवी हातात. फोटो मोठा करून बघितला. नाव होतं. वर मथळा होता, अपात्र खातेदारांची यादी. आणि तिच्या नावापुढं तो शब्द.

शेजाऱ्यालाही ते कळलं असणार. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. आई तिकडून विचारत होती, "बगलास ना? हाय ना?" मी म्हटलं, "हो आये. आहे."

खरं सांगते, त्या वेळी मला ते प्रेम वाटलं. आता वाटतं, मी घाबरले. तिला सांगावं लागलं असतं की तू शेत आवरलंस म्हणून पैसे गेले, आणि मग माझं ते न सांगितलेलं वाक्यही निघालं असतं. त्यापेक्षा सोपं होतं माझ्या खात्यातून तिच्या खात्यात पैसे टाकणं. घरी सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही. आठवड्याभरानं तिला फोन केला, आये, अनुदान जमा झालं. ती म्हणाली, "तुज्या बापाला सांगते." भिंतीवर वडिलांचा फोटो आहे, ती त्याच्याशी बोलते.

पौषात ती शेतावर मुक्कामालाच गेली. मजूर लावले. रोज फोनवर बांध किती झाला ते सांगायची, गुडघ्याएवढा, मांडीएवढा. मी कचेरीतून घरी येताना तो हिशेब ऐकायची आणि माझं खोटं मला दिवसेंदिवस शहाणपणाचं वाटू लागलं होतं. एकदा म्हणाली, गावातली माणसं आली होती, आमच्या बांधाला पहिला हात लावायला, रीतीप्रमाणं. तिनं त्यांना परत पाठवलं. "मी बोलले, मना सरकारनं दिलंय, मी मजूर लावलंय. त्या कडंच्या विधवेचा आदी घाला, तिला कोन नाय." यादी वाचलेल्यांना वाटलं असेल, मागाहून मंजूर झालं. मी तिचं कौतुक केलं. माझ्या आईचं किती मोठं मन, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं. ती काय सोडून देत होती आणि कुणाच्या भरवशावर, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

माघाच्या शेवटी तिनं पासबुक भरायला दिलं. बँकेतल्या माणसानं छापून दिलं आणि सहज विचारलं, आजी, हे पैसे मुलीनं पाठवले ना? नाव होतं तिथं. माझं नाव, सासरच्या आडनावासकट. ते आईला वाचता येत नव्हतं, पण ऐकता आलं. तिनं तिथंच पिशवीतून यादीचा फोटो काढला. शेजाऱ्याकडून तिनं त्याची छापील प्रत करून घेतली होती, जपून ठेवायला. त्या माणसाला म्हणाली, हे पन वाच. त्यानं वाचलं.

तिनं मला फोन केला नाही. मजुरांची त्या दिवसापर्यंतची मजुरी दिली आणि काम थांबवलं. उरलेले पैसे भावाकरवी माझ्याकडं परत आले. भाऊ पाकीट देऊन म्हणाला, "काय केलंस तू? आय जेवत नाय." मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडायला माझ्याकडं काही नव्हतं.

रविवारी मी गेले. ती अर्ध्या बांधावर एकटी माती टाकत होती. घमेलं अर्धंच भरायची, तेवढंच उचलत होतं. मी साडी खोचली आणि दुसरं घमेलं घेतलं. दुपारपर्यंत आम्ही माती वाहिली. मग सावलीला बसल्यावर मी सगळं सांगितलं, फोनवर काय सांगायचं राहिलं तेही.

ती म्हणाली, "तसाच पसरून ठेवाचा होता?"

"हो, आये."

"भात हाय तो. पाव्हन्यापुढं त्याला चिखलान लोलत ठेवू?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "नाव अपात्रात हाय, हे तुला तवाच कलला होता?"

"हो."

"मग मना सांगाचा ना."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटला असता तर वाटला असता," ती म्हणाली. रागानं नाही, मला समजावल्यासारखं. "रडले असते दोन दिस. बांध तरी जाला असता."

तेव्हा मला पहिल्यांदा पूर्ण कळलं. गावानं आमचा बांध आधी घातला असता, फुकट, रीतीनं. माझ्या पैशांनी तिला तेवढ्यापुरती श्रीमंत केलं आणि तिनं आपली पाळी दुसऱ्या बाईला देऊन टाकली. माझं खोटं नसतं तर तिला कुणाच्याच पैशांची गरज पडली नसती, माझ्या तर नाहीच. बांधावर बसून मी रडले. आईनं मला रडू दिलं आणि मग म्हणाली, ऊठ, ऊन खाली गेलंय.

ती गावात परत विचारायला गेली. माणसं वाईट नव्हती. चार जण आले, दोन दिवस राबले. पण सगळे बांध घालून झाले होते, लग्नं सुरू झाली होती, ज्याला त्याला आपापली नोकरी होती. होळीच्या पुनवेचं उधाण हिवाळ्यातल्यांपेक्षा मोठं, ते आलं तेव्हा बांधाला मधेच एक माणूस आडवा मावेल एवढी मोकळी जागा होती. पाणी तिथून आत शिरलं आणि परत गेलं नाही. मागचा आतला बांध गावानं पक्का केला होता, म्हणून बाकीची शेतं वाचली. त्या विधवेचं भात यंदा छान आलंय.

त्या उडवीतलं थोडं भात आईनं तळवलीला आणून उखळात सडलं होतं. मी गेले की त्याचा भात शिजवायची. दाणा काळपट आणि चवीला खारट. पेंढा गुरांनी तोंडात धरला नव्हता, आम्ही मात्र खात होतो. ती मला वाढताना म्हणायची, "मीठ टाकाया नको, बग किती सोय." भाऊ हसायचा. ती मला टोमणा मारत नव्हती हेच जास्त जड जायचं.

खाऱ्या शेताला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. त्या बाजूला आता कुणालाच भाताची जमीन नको असते, नुसती जमीन हवी असते. आई विकायला एकदाही नाही म्हणाली नाही. पैसे कशात घालायचे याच्या चर्चेला ती बसली नाही, आत जाऊन लसूण सोलत राहिली. फक्त मोजणीच्या दिवशी आपण स्वतः येणार, एवढं तिनं सांगितलं.

मोजणीच्या आदल्या दिवशी तिनं मला फोन केला. मी विचारलं, काय आणू? ती म्हणाली, "खराटा आन एक. माजा तिकडं सडला आसंल."

आम्ही सकाळी लवकर पोचलो. शेतात घोट्याएवढं गवत, मधेमधे पांढऱ्या मिठाचे पट्टे, आणि बाटल्या. किती बाटल्या! आई वाकून एकेक वेचायला लागली. मला वाटलं तिला थांबवावं. हे आता आपलं नाही, उद्या इथं भराव पडेल, पत्रे ठोकतील, कोण बघणार आहे? या वेळी काही सांगायचं नव्हतं. मी पोतं उघडून धरलं. तिनं बांध झाडला, जिथं भगदाड होतं तिथपर्यंत, आणि मग पलीकडं जाऊन उरलेला झाडला.

माणसं आली. मशीन लावलं, खुणेचे खांब रोवले. एक जण मोबाईल काढून चारी बाजूंनी फोटो घेऊ लागला. सहज म्हणाला, आजी, इथं पीक कसं यायचं? आई पदर डोक्यावरून घेऊन सरळ उभी राहिली.

"बरा यायचा," ती म्हणाली.

मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "बाय, फोटोन नीट दिसंल ना शेत?"

मी म्हटलं, "हो आये. नीट दिसेल."